फट एक तृतीयांशच भरावी

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. त्याला कारण कंबर नाही, स्वेटर आहे. त्याची पाठ पुठ्ठ्यासारखी कडक झाली आहे. का, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? कवळी तोंडात बसते की अजून डबीतच बसते? सकाळची गोळी सकाळी आणि संध्याकाळची संध्याकाळीच घेतेस ना? मागे तू उलट केलं होतंस आणि जेवणाच्या ताटावर झोपली होतीस, ते मी विसरलेलो नाही. तू दर पत्रात "बरी आहे" एवढंच लिहितेस. त्याने मला घोर लागतो. बरी म्हणजे मागच्या महिन्यापेक्षा बरी, की शेजारणीपेक्षा बरी? काहीतरी खुलासा करत जा. फोन केला तर तू ऐकू येत नाही म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. अक्षर वेडंवाकडं दिसेल, पण हात कापत नाहीत, काळजी करू नकोस. उजव्या हाताच्या तीन बोटांवर फोम वाळला आहे. तो साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही. कातडीबरोबरच जाईल म्हणतात. त्यामुळे पेन मुठीत धरून लिहितो आहे. पहिलीत असाच धरायचो आणि तू मला फूटपट्टी मारायचीस.

तर ताई, आनंदाची बातमी अशी की मागची खोली गरम झाली. आज सकाळी बाहेरच्या बादलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता आणि मागच्या खोलीत मी बनियनवर बसलो होतो. बनियनवर, ताई. मी, जो जुलाबाच्या गोळीबरोबरसुद्धा कानटोपी घालतो. म्हणून घाईने लिहितो की त्या वृद्धाश्रमाच्या कागदावर तू सही करू नकोस. महिनाअखेरीला करणार असं तू लिहिलं आहेस आणि आज तेवीस तारीख आहे. भाऊजी गेल्यापासून तू तिथे एकटी, जिने चढायचे तीन मजले, रात्री पडलीस तर उचलायला कोण? आमच्याकडे ये असं मी दोन वर्षं म्हणतो आहे. तू मागच्या थंडीत आलीसही, महिनाभरासाठी म्हणून, आणि चौथ्या दिवशी बॅग भरलीस. निघताना दारात म्हणालीस, "अरे, ही खोली आहे की शिट्टी?" त्या एका वाक्याने मला वर्षभर झोप लागली नाही. (दुपारची लागायची.) कारण ते खरं होतं. वारा सुटला की ती खोली खरोखरच वाजायची. तुझ्या उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुझ्या जागी मी असतो तर तिसऱ्याच दिवशी गेलो असतो.

मग गेल्या महिन्यात एक पांढरी गाडी आमच्या रस्त्याने गेली. तिच्यावर लिहिलं होतं की घराच्या फटी फोमने कायमच्या बंद करून मिळतील, हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. मी सहावीपर्यंतच शिकलेला, मला चालत्या गाडीवरचं वाचायला वेळ लागतो, त्यामुळे वाचून होण्यासाठी तिच्या मागे चालत सुटलो. चौकातल्या सिग्नलला गाठली. काचेवर टकटक केलं. आत एक तिशीतली बाई स्टिअरिंगवर, शेजारी तिचा नवरा झोपलेला. मी म्हटलं, माझ्याकडे एक खोली आहे, ती वाजते. बाईने एकही प्रश्न न विचारता दार उघडलं आणि म्हणाली, "बसा काका, पत्ता सांगा." सिग्नल सुटला होता आणि मागचे सगळे भोंगे वाजवत होते. मी मात्र त्या दोघांच्या मधे, मांडीवर त्यांचं हेल्मेट घेऊन, स्वतःच्या घरी गाडीने आलो. तुझ्या भावजयीला वाटलं मला अपघात झाला. तिला आम्ही तेव्हापासून फोमबाई म्हणतो. (भावजयीला नाही, त्या बाईला.)

फोमबाईने आल्या आल्या मेणबत्ती मागितली. पेटवून ती मागच्या खोलीत भिंतीजवळून, खिडकीच्या चौकटीजवळून, छताच्या कडेने फिरवू लागली. जिथे फट तिथे ज्योत आडवी व्हायची. काही ठिकाणी तर ज्योत आडवी होऊन विझलीच. मी मागोमाग खडूने खुणा करत होतो. एकोणचाळीस झाल्या. तुझी भावजय दारात उभी राहून म्हणाली, "फटी काय मोजताय, मधे मधे भिंत आहे ती मोजा, लवकर आटपेल." फोमबाई हसली, मी हसलो नाही. मी सत्तावीस प्रश्न लिहून ठेवले होते. फोम किती फुगतो? तिसेक पट. फुगत राहिला तर थांबवायचा कसा? आपोआप थांबतो. नाही थांबला तर? थांबतो, काका. उंदीर खातात का? खात नाहीत, पण कुरतडून वाट काढतील, म्हणून आधी उंदीर बाहेर. पेट घेतो का? त्यावर जिप्समच्या पाट्यांचं अस्तर मारायचं, उघडा ठेवायचा नाही. फुगताना छप्पर वर उचलेल का? एकोणिसाव्या प्रश्नापर्यंत तिने नीट उत्तरं दिली. विसाव्याला तिने विचारलं की काका, तुम्ही पूर्वी काय करत होता.

मी सांगितलं. तू विसरली असशील, कारण तुला ते काम कधी आवडलं नाही. अडतीस वर्षं मी काचेच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. कारखान्यात मला पेंढामास्तर म्हणत. खोक्यात पेला, पेल्याभोवती पेंढा, पेल्याच्या आत पेंढा, कोपऱ्यात पेंढा, आणि झाकणाखाली शेवटची मूठ अशी दाबायची की झाकण जरा नाराजीनेच बसलं पाहिजे. मग खोकं कानाशी धरून हलवायचं. किण्ण असं झालं की खोकं परत उघड. आमचा मुकादम म्हणायचा, हवा म्हणजे फूट. जिथे हवा राहिली तिथे माल फुटला. अडतीस वर्षांत माझ्या हातच्या खोक्यातलं एकही भांडं फुटून परत आलं नाही. (एक आलं होतं, पण त्याच्यावर लॉरी उलटली होती.) फोमबाईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे तुम्ही अवघड आहात. मला वाटलं ही कौतुकानेच म्हणते आहे.

फवारायच्या दिवशी जे पाहिलं ते तुला कसं सांगू. फोमबाई पांढरा झबल्यासारखा पोशाख घालून, तोंडावर डुकराच्या नाकाडासारखा मास्क लावून आत गेली. बाहेर गाडीत दोन पिंपं, तिचा नवरा मशीनपाशी, आणि तिथून एक जाड गरम नळी आमच्या दारातून आत. आम्हाला आत जायची बंदी, म्हणून आम्ही बंद काचेला नाक लावून अंगणात उभे. तिने बंदूक छताकडे धरली. आधी नुसतं पातळ पिवळट पाणी पडल्यासारखं दिसलं, मला वाटलं फसलो. मग ते फुगायला लागलं. ताई, दूध उतू जातं ना, तस्सं, पण वर चिकटलेलं, उलटं. तुझ्या भावजयीचा हात आपसूक शेगडी बंद करायला पुढे गेला, मी शपथेवर सांगतो. वासे बुडाले, तुळईच्या बाजूचा तो कोनाडा बुडाला, जिथून तू असताना पाल पडली होती तो कोपरा बुडाला. तीन-चार मिनिटांत सगळं टणक. अडतीस वर्षं मुठीने पेंढा दाबला आणि ही पोरगी नुसता घोडा दाबते आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वासाने असेल म्हणशील तर, आम्ही काचेबाहेर होतो.

एक दिवस घरात राहायचं नव्हतं, म्हणून लेकीकडे गेलो. पण मला चैन कुठलं. निघण्याआधी मी बाहेरून छपराच्या कडेखाली भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. छप्पर उचललं गेलं तर कळावं. दिवसातून तीनदा बस धरून रेघ बघायला गेलो. तिसऱ्या खेपेला रेघेपासून छप्पर अर्धं बोट वर दिसलं. मग लक्षात आलं की मघाशी मी ओट्यावर चढून बघितलं होतं आणि आता खाली उभा आहे. लेकीने त्या दिवशी मला चौथ्या बसला चढू दिलं नाही. चप्पल लपवली.

दुसऱ्या दिवशी फोमबाईने फुगवटे करवतीने कापून सपाट केले, वर पाट्या मारल्या, रंगाला तयार खोली दिली. आणि जाताना मला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दार-खिडकीच्या चौकटीभोवती ज्या बारीक फटी राहिल्या आहेत त्या मी गुरुवारी येऊन वेगळ्या, मऊ फोमने भरीन. तुम्ही हात लावू नका, आणि अगदीच राहवलं नाही तर फट एक तृतीयांशच भरा, बाकीची तो स्वतः भरतो. दुसरी, स्वयंपाकघरात पाणी तापवायच्या बंबावर भिंतीत जे गोल भोक आहे, त्याला काहीही झालं तरी हात लावायचा नाही. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. खाली सहीसुद्धा केली.

ताई, बुधवारी वारा सुटला. खोली गप्प होती, पण दाराच्या चौकटीपाशी बारीकसं सूं ऐकू येत होतं. माणूस जन्मभर खोकं कानाशी धरून हलवत आला की त्याला ते सूं सहन होत नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातून फोमचे डबे आणले. किती ते विचारू नकोस. दुकानदाराने विचारलं होतं, जहाज बांधताय का. घरी येऊन मागच्या खोलीत शिरलो, दार आतून लावलं (नाहीतर वारा येतो) आणि भरायला सुरुवात केली. आता एक तृतीयांश म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही. पण दोन तृतीयांश रिकामं खोकं पुढे सरकवायला हातच होईना. मुकादम आठवला. मी प्रत्येक फट कडेपर्यंत भरली आणि वर शेवटची मूठ दिली. दाराच्या चारी बाजू, खालची फटसुद्धा. खिडकीच्या चारी बाजू. मग दमून दाराला पाठ टेकून जरा बसलो. (इथे स्वेटर.)

पाऊण तासाने उठलो तो स्वेटर उठला नाही. कसाबसा सोडवला, तर दार उघडेना. फोमने चौकट दोन्हीकडून अशी आत ढकलली होती की दार मधे आवळून बसलं होतं, अगदी माझ्या खोक्यातल्या पेल्यासारखं. खिडकीही हलेना. मी हाका मारल्या. तुझी भावजय पलीकडे काहीतरी बोलत होती हे मला नंतर कळलं, कारण काहीच ऐकू येत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही असं पहिल्यांदाच झालं. पहिली पाच मिनिटं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कसंतरीच व्हायला लागलं.

ती फिरून अंगणातून खिडकीशी आली. काच आतून धुक्याने भरली होती, त्यावर मी बोटाने लिहिलं, दार बसलं. आतून लिहिलेलं बाहेरून उलटं दिसतं हे माझ्या लक्षात आलं नाही. तिने मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं, मग चष्मा आणायला गेली ती चहा घेऊनच आली, आणि खिडकीसमोर उभ्याउभ्या प्याली. मग कॅलेंडरचं मागचं पान काचेला लावलं. तिचं अक्षर दहावीचं, मला लावून लावून वाचावं लागतं. लिहिलं होतं, "दार आत उघडतं की बाहेर?" ताई, मी एकतीस वर्षं या घरात राहतो आहे आणि मला सांगता येईना. मी दोन्हीकडे हात करून दाखवला. दुसरं पान आलं, "फोमबाईंना फोन केला. येतात. तोवर कशालाही हात लावू नका." मी दोन्ही हात वर करून दाखवले. एक हात स्वेटरच्या बाहीसह डोक्याला चिकटला, पण ते वेगळं.

चार तास मी तुझ्या खाटेवर पडून होतो आणि, विश्वास ठेव, तेच चार तास मी हे पत्र मनात लिहीत होतो. काय ती ऊब. काय ती शांतता. ना शिट्टी, ना सूं, ना पेल्यातलं पाणी हलतं. मला वाटलं, ताईला इथे पाय पसरून झोपता येईल, पायमोजे न घालता. मी खुशीत होतो. फोमबाई आली, तिने पात्यासारख्या करवतीने चौकटीभोवतीचा सगळा फोम कापून काढला, दार रंध्याने तासलं आणि मला बाहेर काढलं. फार बोलली नाही. फक्त स्वयंपाकघरात गेल्यावर जरा वेळ बोलली, पण ते तेवढंच. आता सगळं ठीकठाक आहे. तुझी भावजयही खोलीवर खूश आहे. सध्या हवापालटाला लेकीकडे गेली आहे. तू आलीस की येईलच.

तर बॅग भर. कोणतं पांघरूण आणू नकोस. इकडे तुझी वाट पाहणारा,

तुझा धाकटा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. दोन गोष्टी दुरुस्त करतो, नाहीतर तू आल्यावर मला बोलशील. मी बनियनवर बसलो होतो हे खरं आहे, पण दहा मिनिटं, आणि हीटर लावला होता. हीटर मागच्या थंडीतही होता, तेव्हा त्याचा उपयोग नव्हता, म्हणजे फोमचं यश आहेच. शिवाय दार तासल्यापासून ते नीट लागत नाही, वर अंगठा जाईल एवढी जागा राहिली आहे. फोमबाई म्हणाली ती भरू नका. मी भरलेली नाही. तिथे नुसता बघत बसतो.

ता. क. दुसरा. तुझ्याशी खोटं बोललो की मला रात्री खोकला लागतो, म्हणून लिहून टाकतो. बंबावरचं ते भोक मी भरलं होतं. मागच्या खोलीच्या आधी, सकाळीच. त्यातून वारा येत होता. फोमबाईला ते दिसलं तेव्हा ती ओरडली नाही, स्टुलावर बसली. मग विचारलं, "काका, आज गरम पाण्याने अंघोळ कोणी केली?" कोणीच केली नव्हती, कारण मी कोंडलेला आणि तुझी भावजय अंगणात कॅलेंडर धरून. फोमबाई म्हणाली की बंबातला विषारी वायू जायला तेवढीच वाट होती, आणि घर आता इतकं बंद झालंय की तो आतच राहिला असता, आणि त्याला वास नसतो. तिने स्वतः ते भोक मोकळं केलं, जाळी लावली आणि माझी वही घेऊन त्या पानाला माझ्याकडून पुन्हा सही करवली. तुझी भावजय हे सगळं ऐकत होती. फोमबाई गेल्यावर तिने बॅग काढली आणि मला म्हणाली, "अडतीस वर्षं काचा पॅक केल्यात तुम्ही. मी काच नाही." मग गेली. आज नववा दिवस.

मी फोन केला तर लेक उचलते. काल एकदा तुझी भावजय स्वतः आली फोनवर. म्हणाली, ताई येणार असतील तर येते, त्यांच्यासमोर तुम्ही कशाला हात लावत नाही. तिचं हे खरं आहे, ती फूटपट्टी माझ्या अजून लक्षात आहे. तेव्हा ताई, मघाशी जे लिहिलं की तू तिथे एकटी, पडलीस तर कोण उचलेल, ते मी मनापासूनच लिहिलं होतं, पण लिहिताना मी माझ्याच घराकडे बघत होतो. इथे आता बाहेरचा काही आवाज येत नाही. सकाळी मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो, आणि मला वाचायला वेळ लागतो हे तुला माहीतच आहे, त्यामुळे दुपार होते. तू माझ्यासाठी ये. खोलीसाठी नको. खोली आवडली नाही तर मी स्वतः तुझ्यासमोर सगळा फोम खरवडून काढीन. नाही, तू सांगितलंस तरच.

ता. क. तिसरा. हे पत्र पोहोचेपर्यंत तू त्या कागदावर सही करून टाकली असलीस, तर राग मानणार नाही. फक्त तिथल्या बाईंना सहज म्हणून विचार, तिथे पुरुषांना घेतात का. कोणासाठी ते सांगू नकोस.